दादाच्या मापाची अंगठी

पोराच्या साक्षगंधाची अंगठी पसंत करायला आम्ही तिघं चंद्रपूरला आलो होतो. मी, बायको शीला आणि पोरगा प्रशिक. मुलीकडच्यांनी मोठ्या मनानं सांगितलं होतं की, जावयाच्या बोटात बसायची आहे तर जावयानंच निवडावी, आम्ही मागाहून येऊन घेऊन जाऊ. बाहेर सराफ्यात ऊन रणरणत होतं आणि आत ती एसीची हवा, गार, कुठल्याच झाडाचा वास नसलेली. काउंटरवरच्या माणसानं मखमलीचे ट्रे एकाशेजारी एक मांडले.

पुरुषांच्या अंगठ्या इतक्या तऱ्हेच्या असतात हे मला माहीतच नव्हतं. सिंहाचं तोंड काय, इंग्रजी अक्षर काय, एकीवर तर चक्क मोटारसायकल. घालणाऱ्याला काही वाटत नसेल का, कोण जाणे. प्रशिक एकेक बोटात सरकवून बघत होता. हात लांब धरी, जवळ धरी, मोबाइलवर फोटो काढून मुलीला पाठवी. तिकडून काहीतरी उत्तर येई, हा हसे आणि दुसरी उचले. मी आपला बघत बसलो होतो. एका माणसाला अंगठी निवडायला एवढा वेळ मिळतो, याचाच मला हेवा वाटत होता. बापानं पोराचा हेवा करू नये म्हणतात, पण वाटला.

तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. म्हणाला, काका, तुमची फार जुनी दिसते आणि मापाचीही नाही. मोड घाला, तुम्हालाही एक नवीन बसवून देतो, पोराच्या लग्नात बापाचाही हात दिसतो. प्रशिकनं लगेच उचलून धरलं. घ्याच बाबा, घ्याच. मी हात खाली मांडीवर घेतला.

माझी अंगठी मला सैल आहे. लग्नापासून सैल आहे. खालच्या बाजूनं तिला काळा दोरा गुंडाळलेला आहे, घामानं आणि तेलानं चिवट झालेला, त्याच्या जोरावर ती बोटात टिकून आहे. घट्ट अंगठीत अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. साबण लावतात, तेल लावतात, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घेतात आणि मोकळी होतात. सैल अंगठीत अडकलेल्याला कापायला काही नसतं. तो आपला मूठ मिटून हिंडतो.

ही अंगठी याच सराफ्यातली. तेव्हा दुकानात पांढरी गादी होती आणि मागच्या खोलीतून कोळशाचा आणि तेजाबाचा वास येई, नाकात झोंबणारा. अंगठी घ्यायची होती दादाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुलीचे वडील सिंदेवाहीहून आले होते, तिथल्या धानाच्या संशोधन केंद्राच्या शेतावर ते मजुरीला होते, आणि त्यांच्या बोटांच्या पेरांत चिखल असा मुरला होता की गादीवर हात ठेवायलाही ते संकोचत होते. त्यांची लेक शीला दादाला ठरली होती. होय, हीच शीला. मी तिथं कशाला होतो? दादा कुठंही निघाला की मला सोबत नेई, म्हणून होतो.

दादानं पहिल्या झटक्यात अंगठी पसंत केली. रुंद, चौकोनी, वर आठ आऱ्यांचं चक्र कोरलेलं. त्याचं असंच होतं, सदरा असो की बैल, एकदा त्यानं बोट ठेवलं की ठेवलं. सोनारानं त्याचं माप घेतलं. दादाची बोटं बाबांसारखी, जाड आणि बुटकी; माझी आईवर गेलेली. मोठ्यांचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात मी बाजूला पडलेलं एक साधं वेढं बोटात घालून बघितलं. दादाला ते दिसलं. तो हसला आणि म्हणाला, "तुही बारी आली का घेजो."

साक्षगंध माघात झालं. धान निघालेल्या बांधीबांधीत लाखोळीचं पीक निळं फुललं होतं, आंब्याला मोहर होता, आणि अंगणातल्या ओल्या शेणसड्यात मेणबत्त्यांचा आणि अगरबत्तीचा वास मिसळला होता. त्रिशरण-पंचशील झालं, तिनं दादाच्या बोटात अंगठी घातली, मग पंगती बसल्या. वांग्याची भाजी, वरण, भात आणि बुंदी. मी वाढायला होतो. पांढरी साडी आणि खाली घातलेली मान, एवढीच शीला मला त्या दिवशी दिसली. वाढता वाढता घसा कोरडा पडला म्हणून मी तिला पाणी मागितलं, तेही "वहिनी" अशी हाक मारून. गंमत म्हणूनच मारली होती. आजूबाजूच्या बाया खळखळून हसल्या, आणि ती लगबगीनं तांब्या घेऊन आली. ती हाक आम्ही दोघंही विसरल्यासारखं करतो.

मग चैत आला, रानात मोहाची फुलं पडायला लागली. आमच्या बाबांचं म्हणणं असे की, पोरानं लग्नाआधी श्रामणेर शिबिर करून यावं. दहा दिवस डोकं भादरून, चीवर नेसून, भिक्षा मागून राहायचं, आणि परत येऊन चारचौघांसारखं संसाराला लागायचं. गावातल्या बऱ्याच पोरांनी केलं होतं. त्यात नवीन काही नव्हतं. दादाला पोचवायला मी तळ्याकाठच्या विहारात गेलो. न्हावी ओळीनं डोकी भादरत होता, केसांचे पुंजके वाऱ्यानं पायऱ्यांवर लोळत होते, साबणाचा फेस आणि मोहाचा तो गोड, जरासा आंबलेला वास. दादानं घड्याळ काढलं, करदोडा काढला, आणि मग अंगठी. श्रामणेराला सोनं जवळ बाळगता येत नाही, कोणी दिलं तरी घेता येत नाही.

"ठेव तुह्याजवळ," तो म्हणाला. "खिशात नको ठेवू, पडन. बोटात घाल."

घातली. ती गरागरा फिरली. भंतेजींनी सगळ्यांच्या मनगटाला रक्षणासाठी परित्राणाचं पांढरं सूत बांधलं होतं. त्यातला उरलेला तुकडा मी अंगठीला खालून गुंडाळला. घट्ट बसली. दादा डोकं भादरून वर आला तेव्हा मला क्षणभर ओळखूच आला नाही.

शिबिर संपलं. बाकीची पोरं डोक्याला रुमाल बांधून, लाजत लाजत घरी आली. दादा आला नाही, चीवर नेसून विहारातच राहिला. काऊन आला नाही, ते मला विचारू नका. बाबा जाऊन आले, मुलीचे वडील जाऊन आले, दादानं त्यांना काय सांगितलं ते कोणाला कळलं, कोणाला नाही. मला आठवतं ते एवढंच की बाबा विहाराच्या पायरीवर खूप वेळ बसून राहिले आणि मग चपला तिथंच विसरून अनवाणी रस्त्याला लागले. मी त्या उचलून त्यांच्या मागं धावलो. रस्ता तापला होता, पण त्यांच्या पायाला काही लागत नव्हतं.

अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. जांभळीच्या डहाळ्या सांगून ठेवल्या होत्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या, अगदी चामोर्शीच्या बाजारात भेटतील त्या पाहुण्यांनाही. बैठक बसली. मी चहा देत फिरत होतो. शीलाच्या वडिलांसमोर कप धरला तर त्यांनी कप घेतलाच नाही, माझा हात धरला. माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग बाबांकडे वळून अगदी हळू म्हणाले, "अंगठी तं घरातच आहे, भाऊ. अन् पोरगाबी घरातच आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हा उभा राहीन," ते म्हणाले.

झालं. इतकंच. मी चंद्रपूरला वेल्डिंग शिकायला जाणार होतो, दोस्तानं खोली बघून ठेवली होती, माझी पेटी भरून माच्याखाली होती. नाही म्हणता आलं असतं, असं आता लोक म्हणतात. आता लोकांचं काय जातं म्हणायला? ज्याच्या बोटात अंगठी आहे त्यानं कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं, ते मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. मी बाकीचे कप वाटले.

पत्रिका दुसऱ्या छापल्या नाहीत. बाबा म्हणाले, तारीख तीच, मांडव तोच, मग काय बिघडलं. निम्मे पाहुणे मांडवात येऊन मलाच विचारत होते, नवरदेव कुठी आहे? मी तिथंच, पांढरा सदरा घालून मेणबत्त्यांसमोर उभा. आजही तो प्रसंग आठवला की हसू येतं आणि मग हसू येत नाही. शीलानं मान वर केली नाही. नवरदेव बदलला हे तिला कोणी, कधी, विचारून सांगितलं की सांगून टाकलं, ते मला माहीत नाही.

ते परित्राणाचं सूत पहिल्याच पावसाळ्यात कुजलं. पोळ्याच्या आसपास एका दुपारी शीला माझ्यासमोर येऊन बसली, माझा हात मांडीवर घेतला, जुनं सूत सोडवलं आणि काळा दोरा गुंडाळायला लागली. एकाला एक लागून, घट्ट, शेवटी गाठ मारून दोरा दातानं तोडला. तिचा श्वास माझ्या बोटांना लागला. तेव्हापासून दर पोळ्याला तेच. मला दरवेळी वाटे, ही दादाची अंगठी जपून राहिली आहे. एकदा असं डोक्यात बसलं की माणूस आपोआप हात ओढून घेतो. मी ओढून घेई. ती उरलेला दोरा रिळाला गुंडाळून उठून जाई.

पुढं मला चामोर्शीला धानाच्या गिरणीत काम लागलं. पट्ट्याजवळ अंगठी चालत नाही, मिस्त्री शिव्या घाली, म्हणून मी ती डब्यात काढून ठेवायचो. दिवसभर बोट मोकळं. कोंड्याच्या धुळीत, गरम तांदळाच्या वासात, तेवढा वेळ मी माझा असायचो. संध्याकाळी डबा उघडला की ती आत, भाताची शितं लागलेली. घाल असं मला कोणी म्हणत नव्हतं. पण न घालता घरी गेलो असतो तर शीला काय समजली असती, बाबा काय समजले असते? ते असेपर्यंत त्यांच्या धाकानं घातली, ते गेल्यावर त्यांच्या आठवणीनं. निमित्तं काय, सापडतच राहतात.

सगळं वाईटच होतं असं नाही, खोटं कशाला बोलू. तेंदूपत्त्याच्या दिवसांत अख्खं घर हिरव्या पानांच्या वासानं भरून जाई. तेंदूची पिकलेली टेंभरं खाऊन प्रशिकचं तोंड चिकट होई आणि तो ते माझ्या सदऱ्याला पुसे. बोडीच्या पाण्यातले शिंगाडे उकडायला टाकले की शीला चुलीपाशी गुणगुणत बसे. गळा गोड आहे तिचा. मी उंबऱ्यात आलो की गुणगुणणं थांबे. थांबू नको म्हणावं असं ओठांवर येई, पण ते गाणं माझ्यासाठी नाहीच असं मी धरून चालत होतो. मी बाहेर जाऊन बिडी पेटवी.

एका रोवणीत अंगठी गेली. परे, म्हणजे धानाची रोपं, फेकता फेकता हात ढिला पडला असेल, मध्येच बोट हलकं लागलं, बघतो तर नाही. सांगू? मला आनंद झाला. पाठीवरून पोतं उतरावं तसं वाटलं. मी काढली नाही, मी टाकली नाही, चिखलानं नेली, आता कोणी मला काय म्हणेल! पण शीलाला कळलं आणि ती होती तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसली. लावलेले परे उपटून बाजूला ठेवी, खाली चाचपे, परत लावी. बाकीच्या बाया घरी गेल्या. वरून पाऊस भुरभुरत होता. मी शेताच्या धुऱ्यावर उभा राहून राहू दे, राहू दे म्हणत होतो, तिला ऐकूच जात नव्हतं. अंधारून यायच्या आत तिला ती सापडली. तिनं ती पाण्यात खळबळली आणि माझ्या हातात दिली नाही, सरळ बोटात घातली. मी मनाशी म्हटलं, घ्या, आता काय विचारायचं राहिलं?

त्याच पावसाळ्यात, भिक्खूंच्या वर्षावासात, मी अहेरीकडे गेलो. दादा तिथल्या एका विहारात होता. गाडीभर ओल्या छत्र्या, बाहेर सागाची पानं पाण्यानं वाकलेली, आणि मी दादाला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होतो. पण समोर गेल्यावर दादा म्हणता येत नाही, भंतेजी म्हणावं लागतं. मी वंदन केलं. तो भिक्षापात्र पुसत बसला होता. त्याची बोटं तशीच जाड आणि बुटकी, पण किती निवांत. मी अंगठी दोऱ्यासकट काढली आणि त्याच्यासमोर धरली. "तुही ठेव हाय," म्हटलं. "घे."

त्यानं हात चीवराच्या आत घेतला. "मले घेता येत नाई, बाबू. आमी सोन्याले हात नाई लावत."

"मंग मी काय करू इचं?"

त्यानं पात्र परत पुसायला घेतलं. "तुले कोणी बांधलं आहे?" तो म्हणाला.

वाटलं, ते पात्र उचलून त्याच्या डोक्यात घालावं. गाठ मारणारा हाच, आणि गाठ कुठाय म्हणून विचारणाराही हाच. मोकळ्या माणसाला काय, तो कोणालाही काहीही विचारू शकतो. चहा घेऊन जा म्हणाला, मी थांबलो नाही. परतीच्या गाडीत अंगठी खिशात होती. घराच्या वळणावर उतरलो, शीला दारात उभी दिसली, आणि मी ती परत बोटात चढवली.

"काका?" काउंटरवरचा माणूस वाट बघत होता. प्रशिकची अंगठी पसंत होऊन डबीत गेली होती. तो मुलीशी फोनवर बोलत दाराकडे सरकला होता. आम्ही दोघंच राहिलो.

"ही मोडू का?" मी शीलाला विचारलं.

"मले काऊन इचारता?"

"तुह्याशिवाय कोणाले इचारू? तूच तं चिखलातून काढली होती. एवढी जीव लावून."

शीलानं माझ्याकडे बघितलं. काउंटरवरच्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलली. "मले वाटलं होतं, तुमीच फेकून देल्ली. मले सोडाची आहे म्हणून फेकली. अंगठीसाठी कोण बसते हो चिखलात?"

तिला आता थांबता येत नव्हतं. "दर पोळ्याले दोरा गुंडाळताना मले वाटे, आज तरी म्हणतीन, राहू दे शीला, नको गुंडाळू, मी माह्या मापाची घेतो. पण तुमी हात ओढून घेत होते. मी समजली, याईले मी नाईच पाह्यजे होती, बळजबरीनं गळ्यात पडली."

वर्षानुवर्षं एकाच घरात, एकाच चुलीचं खाऊन, ही बाई असं समजून राहिली होती. मी अंगठी काढली. काउंटरवर ठेवली. त्या माणसानं पात्याच्या टोकानं दोरा कापला, फुंकून उडवला, अंगठी काट्यावर टाकली आणि सवयीनं ट्रे माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, आता निवडा आरामात, तुमच्याच मापाची. मी त्या ट्रेकडे बघत बसलो. सिंह होते, अक्षरं होती, चक्र होतं, वेढी होती. मला एकही अंगठी नीट दिसत नव्हती.

शीलानं पदरानं डोळे टिपले आणि ट्रे परत त्याच्याकडे ढकलला. प्रशिकला हाक मारून म्हणाली, या मोडीत सुनेच्या कानातले करू, पण आधी तिले इचार, तिले कोणते आवडतात ते. मग माझ्याकडे वळली.

"तुमी काहीच नका घालू," ती म्हणाली. "तसेच चाला घरी."